सांभाळणारा

कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरकुल वसाहतीत प्रतिक्षानं स्कूटी लावली तेव्हा केसरबाई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती.

"अभिमन्यू इथंच राहतात का?"

"हितंच की. माझं पोरगं त्ये. कंपनीतनं आलीस व्हय?"

"नाही मावशी. मी सोलापुरातच असते. लिनक्सच्या कामात आम्ही दोघं आहोत. त्यांना मेल करकरून सगळे थकले. उत्तर येईना, म्हणून आले."

केसरबाईनं सूप बाजूला सारलं. "त्येला लकवा मारलाय," ती म्हणाली. "दिवाळीच्या आदी. उजवं अंग गेलं. बोलनं बी तुटकं."

येताना प्रतिक्षा रागातच होती. लिनक्स म्हणजे जगभरातली माणसं हौसेनं, फुकटात चालवतात तसली संगणकप्रणाली. तिच्यातल्या प्रत्येक पॅकेजला, म्हणजे एकेका प्रोग्रॅमला, कुणीतरी एक सांभाळणारा असतो. तक्रार आली की त्यानं बघायची, बिघडलं की दुरुस्त करायचं. अभिमन्यूकडे ब्रेल पुस्तकं छापायचं पॅकेज होतं. कित्येक महिन्यांत त्याचा शब्द नव्हता. नवी आवृत्ती तोंडावर आलेली, आणि तक्रारी तुंबलेलं पॅकेज तिच्यात जाणार नव्हतं. पण सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय काम काढून घ्यायचं नाही, अशी रीत. जवळ राहणारी ही एकटीच, म्हणून विचारायचं तिच्यावर आलं.

आत खाटेवर भिंतीला टेकून अभिमन्यू बसला होता. लिहिण्यावरून तिनं पोक्त माणूस धरला होता. हा तिच्याच वयाचा निघाला. मांडीवर लॅपटॉप. पडद्यावर तक्रारीच होत्या. प्रत्येक उघडलेली, वाचलेली. एकीखाली अर्धवट उत्तर.

"तुम्ही हे सगळं वाचताय?"

त्यानं मान हलवली आणि डाव्या हाताचं एक बोट वर करून दाखवलं. लिहायला तेवढंच उरलं होतं.

वाटेत जुळवलेलं वाक्य प्रतिक्षाला आठवेना. केसरबाई मागं दारात येऊन उभी होती.

"त्येचं काम काढून घ्यायला आलीस व्हय?"

"विचारायला आले, मावशी. आंधळ्या मुलांच्या शाळा आहेत. त्यांची पुस्तकं अडलीत."

"मग ह्यो काय मुद्दाम अडवतोय?"

"आ... ई," अभिमन्यू म्हणाला.

त्यानं लॅपटॉप सरळ केला आणि तो सगळ्यांना मेल लिहायला लागला. एक अक्षर, मग थांबणं, मग दुसरं. पुढं होऊन आपणच लिहावं असं प्रतिक्षाला वाटत राहिलं. तिनं हात मागं धरून ठेवले. शेवटी ओळ पुरी झाली. मला आता हे जमत नाही, दुसऱ्या कुणी घ्यावं, एवढंच त्यानं लिहिलं होतं.

आता पाठवेल म्हणून ती बघत होती. त्यानं पाठवलं नाही. खाली आणखी लिहायला घेतलं. बाहेर कुणीतरी पाण्याला हाळी देऊन गेलं, घागरी वाजल्या, तरी त्याचं चालूच होतं. डोंगरातल्या एका शाळेत फार जुनं छपाईयंत्र आहे. मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्याची सोय केव्हाच काढून टाकली. मी प्रत्येक आवृत्तीत ती हातानं परत घालतो. घेणाऱ्यानंही घालावी.

"एका शाळेसाठी?" प्रतिक्षाच्या तोंडून गेलं.

"ए... कच," तो म्हणाला. चेहऱ्याची एक बाजू हसली.

घेणारा त्या जुन्या यंत्रापुरता भाग आधी उडवणार, हे तिला ठाऊक होतं. एका यंत्रासाठी कोण मरतंय? तिनंसुद्धा उडवलाच असता.

"मी घेते," ती म्हणाली. घ्यायला ती आली नव्हती. पदरी होती तीच पॅकेजेस तिला निभत नव्हती.

अभिमन्यूनं तिच्याकडं रोखून बघितलं. "त्यो... भाग?"

"तोही."

मग त्यानं पाठवायचं बटण दाबलं, लॅपटॉप मिटला आणि तिच्याकडं सरकवला. लॅपटॉप तुमचाच आहे, असं ती म्हणाली, तेव्हा त्यानं तो परत ओढून घेतला, पण उघडला नाही.

उंबऱ्यात केसरबाई पुन्हा विड्यांना बसली होती.

"येते, मावशी."

"झालं का तुजं काम?"

"झालं."

"आन् ह्येचं?"

प्रतिक्षानं एका पायात सरकवलेली चप्पल पुन्हा काढून ठेवली आणि ती आत वळली.