मानापुरतं एक मत

"आप्पा, एक."

अध्यक्षबाईंनी चिठ्ठी उलगडून सगळ्यांसमोर धरली आणि वकिलाचा जीव भांड्यात पडला. विरोधात मत पडल्यावर खूश होणारा उमेदवार जगात तोच एकटा असेल.

पक्षाचं तिकीट वकिलालाच मिळणार, हे शेंबडं पोरही सांगत होतं. समितीत नऊ माणसं, नववा तो स्वतः. त्याचे फलक छापून तयार होते. नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकायच्या, एवढाच काय तो उपचार बाकी होता.

उपचाराची वेळ आणली आप्पांनी. तीस वर्षं त्यांनी पक्षाचं कार्यालय सांभाळलं. दर निवडणुकीला ते तिकीट मागायचे. दर वेळी कुणीतरी खांद्यावर हात ठेवायचं, "आप्पा, पुढच्या खेपेला नक्की." मग ते अर्ज मागे घेऊन सभेच्या खुर्च्या मांडायला लागायचे. या खेपेला मात्र अडून बसले. म्हणाले, "हरलो तर हरलो. पण एकदा मोजा तरी."

मोजल्यावर शून्य निघालं असतं तर आप्पा मुकाट घरी जाऊन बसले असते. त्यांच्या पाठोपाठ दोनशे कार्यकर्ते. दारोदार फिरणारी माणसंच उठून गेल्यावर नुसतं तिकीट काय चाटायचंय? म्हणून आप्पांना एक मत पडायलाच हवं होतं. एकच. मानापुरतं.

ते मत वकिलाने समितीतल्या औषधवाल्याला द्यायला सांगितलं होतं. "आपल्या दोघांतच राहू दे." औषधवाला म्हणाला, "झालंच समजा." पण दुकानात नसलेल्या गोळ्यांनाही तो झालंच समजा म्हणतो. तेव्हा वकिलाने कंत्राटदारालाही तेच सांगून ठेवलं. दोघांनी दिली तरी सात विरुद्ध दोन. कुणाच्या बापाचं काय जातंय!

"वकीलसाहेब, एक. वकीलसाहेब, दोन."

आप्पा स्वतःच फळ्यावर खडूने रेघा ओढत होते. दुसऱ्या कुणाला सरळ रेघ जमत नाही, असं त्यांचं म्हणणं. वकिलाच्या रेघाही ते तितक्याच नेटक्या काढत होते.

"आप्पा, दोन." हा कंत्राटदार. ठीक.

"वकीलसाहेब, तीन."

वकिलाला अक्षरं ओळखता येत, धंदाच तो. आतापर्यंत त्याच्या नावाच्या तिन्ही चिठ्ठ्या त्याच्या मुळावर उठलेल्या माणसांच्या होत्या. असे समितीत चौघं होते आणि त्यांचे उंबरे त्याने तीन-तीनदा झिजवले होते. तिघांनी शब्द पाळला म्हणायचा. घरची माणसं तर हातचीच होती.

"आप्पा, तीन."

हे अक्षर घरचंच होतं. वकिलाने मान वळवली. शेजारी बसलेला मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, गालातल्या गालात हसत होता.

"मीच, भावोजी," तो कानाशी लागला. "म्हटलं, म्हाताऱ्याच्या नावापुढे भोपळा नको. तुम्हाला एका मताने काय फरक पडतोय?"

"मला विचारायचंस तरी!"

"चांगल्या कामाला काय विचारायचं?"

"वकीलसाहेब, चार." चौथा विरोधकही इमानाला जागला. वकिलाच्या सदऱ्याची कॉलर ओली झाली होती. पंखा मात्र डोक्यावरच फिरत होता.

पुढची चिठ्ठी अध्यक्षबाईंनी उलगडली आणि दोन क्षण नुसतीच हातात धरली. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"आप्पा... चार."

आप्पांचा खडू मोडला. त्यांनी वाकून तुकडा उचलला आणि चौथी रेघ ओढली. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची रेघ वाकडी गेली. औषधवाला कंत्राटदाराकडे बघत होता, कंत्राटदार जमिनीकडे.

"बाई," वकील खुर्चीतून अर्धवट उठला, "काहीतरी घोटाळा होतोय. फेरमतदान घेऊ या."

"घोटाळा कसला, साहेब? नियम तुम्हीच लिहिलेत. बसा. अजून एक चिठ्ठी आहे."

पेटीच्या तळाशी ती एकटीच उरली होती, चार घड्या घातलेली. बाईंनी हात आत घातला. मेहुण्याने वकिलाच्या गुडघ्यावर थाप मारली.

"घाबरता काय, भावोजी! मी मोजतोय ना. सगळ्यांची आली, तुमचीच तेवढी राहिलीय. म्हणजे पाच-चार. जिंकलात!"

त्या चार घड्या वकिलाने केव्हाच ओळखल्या होत्या. औषधवाल्याचा भरवसा नव्हता, कंत्राटदाराचा तर त्याहून नव्हता. म्हणून आप्पांचं ते मानापुरतं एक मत त्याने स्वतःच्या हातानेच लिहून टाकलं होतं.