जांबोबा

सोमनाथचं लग्न झालं त्या सालची गोष्ट. मांडव उतरून पाचच दिवस झाले होते आणि मेंढरांचा तळ भोंगवलीच्या एका शेतात पडला होता. सोमनाथची चार वर्षांची पुतणी सोनिया दोन दिवस तोंड मिटून बसली होती.

तिचं तोंड आलं होतं. जिभेवर, गालांच्या आत फोडच फोड. पाण्याचा घोटसुद्धा उतरत नव्हता. भोरच्या डॉक्टरांनी जांभळ्या औषधाची छोटी बाटली दिली होती. फोडांना हे लावा म्हणाले, आणि संध्याकाळपर्यंत पोटात काही गेलं नाही तर पोरीला घेऊन या, सलाईन लावावं लागेल. आता उन्हं कलली होती. सोमनाथ टेम्पो बघायला गेला होता.

सोनियाच्या आईनं, रत्नानं, कापसाचा बोळा औषधात बुडवला की पोर ओठ आवळून घ्यायची. एकदा नाक दाबून बघितलं, तर तिनं बोटाला कडकडून चावा घेतला.

"मामंजी, तुमीच बगा आता. माज्यानं न्हाई व्हायचं."

कोंडिबा बाभळीखालून उठून आले. नातीसमोर उकिडवे बसले.

"सोने, मेंढरं बी गप औषिद लावून घेत्यात. तू मेंढरापरीस येडी का?"

पोरीनं त्यांच्या खांद्यावरून पलीकडं बघितलं. कोंडिबांनी मान वळवली.

मेंढरं वाघरीत, म्हणजे दोरीच्या जाळीच्या कुंपणात होती. एक मेंढी मात्र बाहेर, लांब खुंट्याला बांधली होती. तिच्या कपाळावर जांभळा पट्टा होता. आजारी मेंढराला जांभळं औषध लावलं की कपाळावर त्याचाच पट्टा ओढायचा, म्हणजे कुणी चुकून त्याला कळपात सोडत नाही. ही रीत कोंडिबांचीच. लग्नाच्या आदल्या आठवड्यात असंच एक मेंढरू बाहेर बांधलं होतं. ते तिथंच मेलं.

"मला बी भाईर बांदणार?" सोनियानं विचारलं.

रत्नाच्या हातातला बोळा तसाच राहिला. कोंडिबांनी तिच्याकडं हात पुढं केला.

"मोबाईल दे गं. तिचा जांबोबा लाव."

जांबोबा म्हणजे कार्टूनमधला एक केसाळ, ढेरपोट्या प्राणी. अंगभर जांभळा. अस्वल म्हणावं तर शेपूट लांब, वानर म्हणावं तर कान सुपाएवढे. कार्टून कुठल्या मुलखातलं, त्यातली भाषा कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. बिरोबा, म्हसोबा, तसा हा जांबोबा, असं नाव सोनियानंच ठेवलं होतं. तो लागल्याशिवाय ती जेवत नसे.

"बग. समद्यांत ह्यो येकटाच जांभळा हाय का न्हाई?"

"व्हय."

"निजलाय कुटं?"

जांबोबा पसरला होता आणि पिवळी, हिरवी, पांढरी पिल्लं त्याच्या पोटावर पडून घोरत होती.

"मदी."

"मग? बांदलं का त्येला कुणी भाईर?"

पोरीनं पुन्हा एकदा बघितलं. "त्यो मोबाईलात हाय, आबा. तितं खुट्टा कुटनं आणतील?"

कोंडिबांनी रत्नाच्या हातातला बोळा घेतला. स्वतःची जीभ बाहेर काढली आणि तिच्यावर फिरवला. बोळा निथळत होता, त्यामुळं अर्धी पांढरी मिशीही जांभळी झाली. मग त्यांनी कपाळावर पट्टा ओढला, मेंढराला ओढतात तसाच, आडवा.

"आता मला कोण भाईर बांदतंय, बगतो."

बाटली घेऊन, वाघर उचलून ते आत गेले आणि मेंढरांच्या मधोमध बसले. मेंढरं बिचकून सरकली, मग पुन्हा जवळ आली. एका कोकरानं त्यांचा अंगठा तोंडात घेतला.

सोनिया जाळीपाशी उभी राहिली. एकदा आईकडं बघितलं, एकदा आजाकडं. मग जाळीखालून सरपटत आत गेली, त्यांच्या मांडीवर बसली आणि आ केला.

औषध झोंबलं. ती रडली, पण तोंड मिटलं नाही. थोड्या वेळानं रत्नानं शेळीचं दूध निववून आणलं आणि चमच्यानं पाजलं. अर्धी वाटी संपली तेव्हा रत्ना जाळीबाहेर येऊन बसली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा रडली.

टेम्पो आला. सोमनाथ उडी मारून उतरला. "वहिनी, चला बिगीबिगी... आबा! ह्ये काय सोंग?"

"हळू बोल. पोर निजलीया."

सोनिया आजाच्या पोटावर झोपली होती. ओठ जांभळे, शेजारी कोकरू.

"मग भोरला?"

"न्हाई जायाचं. धाड टेम्पो माघारी."

सोमनाथच्या मागं त्याची नवी नवरी, आरती, उभी होती. सासऱ्याची मिशी बघून ती खळखळून हसली आणि लगेच जीभ चावली.

"हास की," कोंडिबा म्हणाले. "घरचीच हाईस."

जिभेवरचा रंग चार दिवसांत गेला. मिशीतला आषाढापर्यंत टिकला. नसरापूरच्या बाजारात कुणी विचारलंच, तर ते सांगत, "जांबोबाचा नवस हाय."

कोंडिबा वारले ते तिसऱ्या साली, माघातल्या एका पहाटे, वाघरीच्या आत, मेंढरांच्या मधोमध.