भिंतीपलीकडचं वाचन

पत्राला उत्तर आलं नाही, म्हणून मोठी बहीण स्वतःच विद्यापीठाच्या संशोधन-भांडारात येऊन बसली. समोर नोंदणी अधिकारी होते. केस पिकलेले, नजर टेबलावर. सगळी नोकरी ग्रंथालयात गेल्यामुळे ते इतकं हळू बोलत, की ऑफिसातले लोक त्यांना पाठीमागे ‘पुटपुटे’ म्हणत.

“माझ्या पत्राचं काय झालं?”

“मिळालं,” पुटपुटे म्हणाले.

“काय?”

“मिळालं म्हटलं.”

“ते ठाऊक आहे हो मला. उत्तराचं विचारतेय. नर्स होते मी. इंजेक्शनला घाबरणारे पुष्कळ पाहिले, पण तुमच्याइतकी टाळाटाळ कुणी केली नाही!”

धाकटी बहीण कला विभागात शिकवायची. ती गेल्या वर्षी वारली. मागे एक ध्वनिरचना ठेवून गेली. भिंतीपलीकडे एक माणूस मोठ्याने वाचतोय आणि अलीकडे बसून ती ते टिपतेय, एवढंच त्यात होतं. शब्द कळत नव्हते. चढउतार कळत होते, थांबे कळत होते. शब्द गळून पडले तरी वाचणारा माणूस किती उरतो, हा तिचा प्रश्न होता.

भांडारात आता लेख-पुस्तकांसोबत चित्रं, नाटकं, ध्वनी यांचीही संशोधन म्हणून नोंद होत होती. कुणीही, कुठूनही ती इंटरनेटवर पाहू-ऐकू शके. हिची नोंद मात्र बंद होती. अट तिनेच घातली होती: त्या वाचणाऱ्याची परवानगी मिळाली तरच खुली करा. आणि महिनाअखेरीस अपुऱ्या नोंदी काढून टाकायच्या, असा वरून आदेश आला होता.

“तिच्या घराच्या आसपास सगळ्यांना विचारून आले,” बहीण म्हणाली. “मोठ्याने वाचणारं कुणी नाही. एकाने तर मला आत बसवून विमाच गळ्यात मारायचा घाट घातला. तुम्ही काय शोध घेतलात?”

पुटपुट्यांनी पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

“निदान ऐकलंत तरी का?”

“सुरुवातीचं थोडं. मग बंद केलं.”

“का?”

“वाचणारा काही खास नाही. घाई करतो. श्वास नको तिथे घेतो. हे असलं जगाला ऐकवायचं म्हणजे…”

“म्हणजे माझ्या बहिणीने आठ वर्षं वेडेपणा केला?”

“त्यांचं काम चांगलं आहे, ताई. मी त्याच्याबद्दल बोलतोय.”

“त्याच्याबद्दल बोलणारे तुम्ही कोण?”

शेजारच्या टेबलावरच्या स्कॅनिंगवाल्या बाईंना राहवलं नाही. “काका, एवढी नाकं काय मुरडताय? मी सगळं ऐकलंय. मधे एकदा तो एकटाच हसत सुटतो ना, तेव्हा मीही इथे बसून हसले. साहेब बघत होते, म्हणाले काम करा.”

पुटपुट्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. “हसतो?”

“खो खो. तुम्ही पुढे ऐकाल तर कळेल ना!”

बहिणीचा आवाज जरा खाली आला. “ती म्हणायची, माणूस एकटा असताना इतका आनंदात असू शकतो, हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटी हॉस्पिटलातसुद्धा तेच लावून झोपायची.”

“मग त्याला भेटल्या का नाहीत कधी?” पुटपुट्यांनी विचारलं.

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, मी दार वाजवलं की तो वाचायचं बंद करेल.”

बहीण पिशवी उचलून उठली. “दुसरं काही केलं नाही हो तिने आयुष्यात. ना घर, ना संसार. हे पुसलंत तर ती होती हे तरी कशावरून सांगू?”

ती गेल्यावर पुटपुट्यांनी हेडफोन चढवले. दुपारचा चहा समोर आला, निवला, साय धरली. स्कॅनिंगवाल्या बाईंनी दोनदा वाकून पाहिलं. एकदा त्यांना वाटलं काका हसतायत, एकदा वाटलं रडतायत; मग त्यांनी पाहणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळपासून लिहीत होते. टोपलीत कागदांचे बोळे साठले.

“ईमेल टाका की, काका.”

“त्यांनी पत्र पाठवलंय,” पुटपुटे म्हणाले. मग ते रस्ता ओलांडून टपालपेटीपाशी गेले. पाकीट फटीत अर्धं घालून थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि मग त्यांनी ते सोडलं.

आत एवढंच होतं: “ताई, परवानगी मिळाली. नोंद आज सकाळी खुली केली. वाचणारा तुमच्या बहिणीच्या घराशेजारी नव्हता. कला विभागातली त्यांची खोली आणि ग्रंथालयाची जुन्या पुस्तकांची खोली यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. जेवणाच्या सुट्टीत तिथे कुणी येत नाही, असं समजून मी वाचत बसायचो.”