ताशा कुमुदताईंच्या गळ्यात

अमेरिकेच्या स्वातंत्र्याला अडीचशे वर्षं झाली म्हणून कुमुदताई राहत होत्या त्या अमेरिकी गावात मिरवणूक होती. मराठी मंडळाच्या ढोलपथकापुढे 'परदेशी पाहुणे' हा फलक पाहून कुमुदताई भडकल्या. मंचावरच्या पुढाऱ्यांची निम्मी नातवंडं इथल्या इस्पितळात कुमुदताईंच्याच हातांवर जन्मली होती.

"वहिनी, रांगेत घेतलं हेच नशीब समजा," मंडळाचे अध्यक्ष रणदिवे म्हणाले. "हसा आणि वाजवा."

पथक मंचासमोर आलं. ताशानं इशारा दिल्याशिवाय ढोल उठत नाहीत, आणि ताशा कुमुदताईंच्या गळ्यात होता. त्यांनी काड्या कमरेला खोचल्या.

"अहो, वाजवा ना!" रणदिवेंना घाम फुटला.

"लोकाच्या घरी पाहुण्यानं दंगा करू नये, भाऊजी."

मुकं पथक मंच ओलांडून गेलं, तेव्हा कुठे रणदिवेंनी धावत जाऊन फलक हिसकावला. मग कुमुदताईंनी ताशावर अशी काडी घातली की पुढाऱ्यांना खुर्च्या वळवाव्या लागल्या.