पाचच गल्ल्या

लोक वाट्टेल तसे पत्ते लिहायचे आणि पाण्याचा टँकर हिंडत बसायचा. मालक गुरुलिंगअण्णा वैतागले, तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या शाकीरनं मागणीचा ऑनलाइन फॉर्मच बदलला. आता पेठेचं नाव टाकलं की जास्त मागणीच्या पाचच गल्ल्या दिसत, त्यांतलीच निवडायची. अण्णांनी पाठ थोपटली.

महिन्याभरानं, बहिणीच्या निकाहच्या सकाळी शाकीरच्या घरची टाकी कोरडी पडली. पाहुणे बादल्या घेऊन उभे. त्यानं फॉर्म उघडला; पाचांत त्याची गल्ली नव्हती. त्यानं अण्णांना फोन लावला.

"अण्णा, आमच्या गल्लीत टँकर पाठवा की. लई नड आहे."

पलीकडे कीबोर्ड वाजला.

"चेष्टा करतो काय रे? महिन्यात तिथनं एक मागणी नाही. तुमच्याकडं पाणी लई दिसतंय!"