न सांगता आलेला ऑडिटर

शहादेव ऑडिटर नेकनूरच्या पुढच्या फाट्यावर बसमधून उतरला आणि चालतच जनावरांच्या छावणीत शिरला. एरवी तो आदल्या दिवशी चेअरमनला फोन करायचा, "उद्या येतोय बरं का." मग शेजारच्या गावांतली जनावरं टेम्पो भरून यायची, दावणी गच्च व्हायच्या, आणि दुपारी चेअरमनच्या घरी मटण शिजायचं. आज त्यानं फोन केला नाही.

निम्म्याहून जास्त दावणी रिकाम्या होत्या. सरकार जनावरामागं चाऱ्याचे पैसे देत होतं, आणि छावणी चालवणारी संस्था तिथं नसलेल्या जनावरांचेही उचलत होती. शहादेवच्या जिवाला गार वाटलं. त्याला काही खऱ्याचा पुळका आला नव्हता. रामकिसन चेअरमननं दूध संस्था, पतसंस्था, मजूर संस्था, सगळ्यांचं ऑडिट यंदा त्याच्याकडून काढून आमदाराच्या जावयाला दिलं होतं. ज्या फीवर त्यानं घर बांधलं, पोरी उजवल्या, ती एका सभेत, चार हात वर होऊन गेली. ही छावणीची संस्था तेवढी मार्चपर्यंत त्याच्याकडे होती. रामकिसनला गाडायला तेवढी पुरे होती.

त्यानं लिंबाखाली बसून पंचनामा लिहिला. आता गावातला एक साक्षीदार हवा होता. सही म्हणताच बापे एकेक करून पाणी पाजायच्या निमित्तानं पांगले. तेवढ्यात चेअरमनची गाडी आली.

"शहादेवराव, न सांगताच? जेवायचं तरी बघितलं असतं."

"जेवायला जावयाला बोलवा."

रामकिसन हसला. "लिवा काय लिवायचं ते. सही कोण देतंय, मीबी बघतो." तो गाडीत बसून राहिला, काच खाली करून.

छबुबाईचा एक गोऱ्हा छावणीत होता. तिनं शेणाची पाटी खाली ठेवली, हात धुतले आणि पुढं आली. "मी देते अंगठा."

शहादेवला तिच्या पाया पडावंसं वाटलं. त्यानं घाईघाईनं शाईचं पॅड उघडून धरलं.

"आधी वाचा तर, काय लिवलंय."

त्यानं वाचलं. रामकिसनचं नाव आलं की मुद्दाम आवाज चढवायचा, गाडीपर्यंत जावा म्हणून.

"मागल्या दुष्काळाचं न्हाई ह्यात," छबुबाई म्हणाली. "तवाबी हितंच छावणी होती. माझी गाय चाऱ्यावाचून मेली, अन् कागदावर पोटभर खात व्हती. त्या कागदावर सही कुणाची हाय?"

गाडीतून खोकल्याचा आवाज आला.

"त्येबी लिवा, तुमच्या नावासकट. मंग देते."

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मग त्याच्यासंगं मलाबी तुरुंगात जावं लागंल."

छबुबाईनं अंगठा पॅडवर दाबला, चांगला काळा करून घेतला आणि कागदाच्या वर तसाच धरून ठेवला.

"माझी गाय एकटीच मेली, सायेब," ती म्हणाली. "तुमाला सोबत तरी हाय."