फलकामागचे डोळे

“कुणी मारला?” बाबांनी विचारलं.

“सात,” चिमणी पुटपुटली.

“किती?”

“सात! पाहुण्यांचा सात नंबर!”

बाबांनी कप्प्यातून सातची पत्र्याची पाटी काढली आणि पाहुण्यांच्या बाजूला खिळ्यावर अडकवली. मग गोलांच्या ठिकाणी एक काढून दोन लावला. बाहेरच्या हजारभर लोकांची समजूत अशी, की गुणफलक चालवणारा माणूस सामना बघतोय. खरं तर सामना बघत होती दहा वर्षांची एक पोर, फळ्यांमधल्या फटीला नाक लावून.

हे सुरू होऊन आठ महिने झाले होते. आई गेल्यानंतर दोनेक महिन्यांनी बाबांनी तिला समोर बसवलं. डोळ्यांपुढे धुकं येतंय, म्हणाले. चष्म्यानं जाणारं नाही. पाट्या कप्प्यात ओळीनं असतात, त्या हाताला सापडतील. पण मैदान दिसत नाही. मैदानाच्या चिटणिसांना कळलं तर काम गेलंच.

“तू होशील का माझे डोळे?”

चिमणीनं मान हलवली.

“मान हलवलीस का? तोंडानं सांग गं, मला कसं दिसणार?”

“होईन,” ती म्हणाली.

गुपित फुटायची धास्ती नव्हती. आई गेल्यापासून चिमणी घराबाहेर चकार शब्द काढत नसे. शाळेत बाई तिचं नाव पुकारायच्या आणि स्वतःच ‘हजर’ म्हणून पुढे जायच्या. गुपित सांभाळायला असंच माणूस हवं.

काम मात्र घाम काढणारं होतं. नुसत्या नंबरावर बाबांचं भागत नसे. “कसा मारला? डोक्यानं की पायानं? गोलकीपर काय झोपला होता? अगं, बघायला मिळत नाही, निदान ऐकव तरी.” मग चिमणी ऐकवायची. आधी अडखळत, मग भरभर, मग रेफरीला नावं ठेवत. आज चाळिशी उलटल्यावरही त्या संघातला कोण कुठल्या नंबरानं खेळायचा, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल.

एकदा चेंडू सुसाट फलकावर आला. ती बोलण्यात इतकी रंगली होती की तिला पत्ताच नाही. बाबांनी दंडाला धरून तिला खाली ओढलं आणि चेंडू फळीवर धाडकन आदळला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“कान आहेत की शाबूत,” बाबा म्हणाले.

ते शाळेच्या चिठ्ठ्याही तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेत. ‘आपली मुलगी वर्गात बोलत नाही.’ हे वाक्य तिनं तीनदा वाचून दाखवलं, तीन वेगवेगळ्या महिन्यांत.

एका शनिवारी घोळ झाला. फलकाजवळच्या पायऱ्यांवर तिच्या वर्गातल्या मुली येऊन बसल्या होत्या. गोल झाला आणि चिमणी फटीपासून मागे सरकली. बाबांनी दोनदा विचारलं. ती काहीतरी कुजबुजली. बाबांनी गोल लावला, तो भलत्याच संघाला. मैदानभर शिट्ट्या झाल्या.

सामना संपल्यावर चिटणीस लालबुंद होऊन शिडी चढून आले. बाबा त्यांना खाली घेऊन गेले. चिमणीनं फटीतून पाहिलं: बाबा हात जोडून बोलत होते, बराच वेळ. चिटणीस ऐकता ऐकता शांत झाले. जाताना वर बघून एवढंच म्हणाले, “सोमवारी मैदानावर काम करणाऱ्या सगळ्यांचे डोळे तपासायचेत.”

“आता काय होणार?” तिनं घरी जाताना विचारलं.

“बघू,” बाबा म्हणाले.

 चूक तिची आणि काम जाणार बाबांचं. वरून ते तिला एका शब्दानं बोलले नाहीत, हे तर फारच वाईट.

रविवारी सामना नव्हता. बाबा फलकावर चढून पाट्या रंगवत होते. चिमणी मैदानाला वळसा घालून पार समोरच्या टोकाला, चिटणिसांच्या खोलीपाशी गेली. दारात उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. माघारी वळली, पुन्हा फिरली.

“काय गं?” चिटणिसांनी पेन खाली ठेवलं.

“बाबांना दिसत नाही,” ती म्हणाली. आवाज फाटका निघाला. “पण त्यांना काढू नका. मी बघते. आठ महिने मीच बघतेय. एकच चूक झाली, ती पण माझी. मी हळू बोलले. आता नाही बोलणार हळू. पोरी येऊ देत, नाहीतर अख्खी शाळा येऊ दे, मी ओरडून सांगेन. त्यांची तपासणी करू नका. हवं तर माझे डोळे तपासा. माझे चांगले आहेत!”

एवढं बोलून ती रडायला लागली. रडता रडताही बोलतच राहिली.

चिटणिसांनी तिला आत खिडकीपाशी बोलावलं. मग त्यांनी विचारलं, “इथे येऊन हे बोलायला तुला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. बाबांना माहीतसुद्धा नाही.”

“शपथ?”

“शपथ.”

चिटणीस उठले, मैदानाकडची खिडकी उघडली. एवढ्या लांब हाक ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी चिमणीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या ओठांसमोर हाताची चोच करून ती भराभर उघडमीट केली.

पलीकडे, फलकावर, बाबांच्या हातातला ब्रश गळून पडला. पुढच्या क्षणी ते शिडी उतरून मैदानातून धावत सुटले होते, थेट खिडकीतल्या चिमणीकडे बघत, वाटेतली चुन्याची बादली उडी मारून ओलांडत.